जामीन झाला, पण माणूस अजून येरवड्यातच: सरकारी पैशातून जामीन कसा भरून घ्यायचा

पुण्यातल्या शिवाजीनगर कोर्टाजवळ माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं छोटं दुकान आहे. मी वकील नाही हे आधीच सांगते, नाहीतर कुणीतरी खाली येऊन म्हणेल की तुम्ही कोण सांगणाऱ्या. पण रोज हेच कागद हातातून जातात, आणि कुठला कागद कुठे जाऊन अडकतो हे आता मला ऑर्डरकडे नुसतं बघूनही कळतं.

मागच्या पावसाळ्यात एक मावशी आल्या, जनता वसाहतीत राहतात, चार घरची धुणीभांडी करतात. दुधाच्या पिशवीत घडी घालून ठेवलेला कागद काढला आणि म्हणाल्या, "ताई, दोन झेरॉक्स दे." पोराचा जामीन झाला होता, बारा दिवस उलटून गेले होते, गल्लीत साखर पण वाटून झाली होती, आणि पोरगा अजून आतच. ऑर्डर इंग्रजीत, त्यांना वाचता येत नव्हती, आणि वकील फोन उचलत नव्हते. मी वाचून दाखवली. पंधरा हजारांचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार. मावशी म्हणाल्या पंधरा हजार असते तर मी इथे कशाला आले असते.

तर अशा लोकांसाठी एक सरकारी योजना आहे आणि ती फार कमी लोकांना माहितीय. गरीब कैद्यांना सहाय्य अशी केंद्राची योजना, २०२३-२४ च्या बजेटमध्ये जाहीर झाली, जून २०२३ मध्ये केंद्रीय गृहखात्याने तिची कार्यपद्धती राज्यांना पाठवली, वर्षाला २० कोटींची तरतूद. गंमत बघा, घटनेप्रमाणे तुरुंग हा राज्याचा विषय, म्हणजे पोरगा आत असेपर्यंत त्याचं जेवण, पहारा, तारखेला नेणारी गाडी, सगळा खर्च राज्याच्या तिजोरीतून, आणि त्याला बाहेर काढायचे पंधरा हजार मात्र केंद्र द्यायला तयार, एनसीआरबी म्हणजे केंद्राच्या गुन्हे नोंद खात्यामार्फत पैसा राज्यांकडे येतो, तरी राज्यांकडून मागणी येत नाही म्हणून केंद्राला वर पुन्हा पुन्हा पत्रं पाठवावी लागली. कारण साधं आहे, फाइल आपोआप हलत नाही. नियमात लिहिलंय की जेलने कळवायचं, पण मागे कुणीतरी लागलं तरच ते वेळेत होतं.

आता काय करायचं ते सांगते.

सगळ्यात आधी ऑर्डर नीट वाचा, किंवा कुणाकडून तरी वाचून घ्या. लोक इथेच चुकतात. तुम्हाला वाटतं जामीन म्हणजे पैसे. तसं नाहीये. नुसता जातमुचलका असेल, म्हणजे वकील ज्याला पीआर बॉण्ड म्हणतात, तर पैसे भरायचेच नसतात, आरोपीने लिहून द्यायचं असतं की हजर राहिलो नाही तर एवढी रक्कम देईन. कॅश सिक्युरिटी लिहिलं असेल तर रोख भरायचे. आणि सॉल्व्हंट शुअरिटी लिहिलं असेल तर जामीनदार माणूस लागतो, ऐपतवाला, त्याचा सातबारा किंवा घराची टॅक्स पावती किंवा पगाराची स्लिप, आधार, रेशनकार्ड, फोटो, आणि बऱ्याचदा तहसीलदाराचा ऐपतीचा दाखला. मावशींच्या ऑर्डरमध्ये हा तिसरा प्रकार होता आणि खरी गोम तिथेच आहे.

कारण सरकार तुमच्यासाठी पैसे भरेल, पण सरकार तुमचा जामीनदार म्हणून कोर्टात उभं राहणार नाही. योजनेतली रक्कम कोर्टात मुदत ठेव म्हणून किंवा दुसऱ्या मार्गाने जमा होते. ऑर्डरमध्ये माणूस मागितला असेल तर आधी वकिलाकडून त्याच कोर्टात अर्ज करून घ्या की जामीनदाराऐवजी रोख रक्कम जमा करायची परवानगी द्यावी. फौजदारी खटल्यांच्या नव्या संहितेत, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत (बीएनएसएस), कलम ४९० आहे, जुन्या सीआरपीसीत ते ४४५ होतं, बॉण्डच्या बदल्यात रक्कम जमा करायची मुभा कोर्ट देऊ शकतं. आपल्याकडे प्रोव्हिजनल कॅश बेल पण देतात, म्हणजे आत्ता रोख भरून सुटा आणि काही आठवड्यांत जामीनदार आणा. पण ती घेताना विचार करा बरं का, चार आठवड्यांनी जामीनदार कुठून आणणार? ज्याचं इथे कुणीच नाही त्याने कायमची रोख परवानगीच मागावी.

दुसरी गोष्ट, आणि ही विसरलात तर सगळी पायपीट वाया. पोरावर दुसरी केस आहे का ते बघा. एका केसमध्ये जामीन झाला, पैसे भरले, आणि गेटवर कळलं की दुसऱ्या पोलिस स्टेशनचं वॉरंट आत येऊन बसलंय, असं मी इतक्या वेळा ऐकलंय की आता माझा पहिला प्रश्नच तो असतो. मुलाखतीला जाल तेव्हा त्याला स्वतःला विचारा, किती केसेस आणि कुठल्या कुठल्या कोर्टात. ईकोर्ट्सच्या ॲपवर नावाने किंवा सीएनआर नंबरने, म्हणजे प्रत्येक केसच्या खास नंबरने, शोधता येतं, पुणे जिल्ह्याचे नंबर एमएचपीयूने सुरू होतात. प्रत्येक केसमध्ये जामीन झालेला असला पाहिजे.

आता सात दिवसांचं. जामिनाच्या ऑर्डरच्या तारखेपासून सात दिवसांत माणूस सुटला नाही, तर जेलने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं असतं. हे योजनेत आहे आणि त्याआधी सुप्रीम कोर्टाने ३१ जानेवारी २०२३ च्या आदेशातही सांगितलंय. त्या आदेशात अजून आहे की जामिनाची ऑर्डर जेलला ईमेलने त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी जायला पाहिजे आणि जेलच्या ई-प्रिझन सॉफ्टवेअरमध्ये जामिनाची तारीख टाकायला पाहिजे. म्हणजे कॅलेंडरवर ऑर्डरच्या तारखेला गोल करा आणि आठव्या दिवशी अर्ज घेऊन निघा, जेलने कळवलं असेल की नसेल याची वाट बघत बसू नका. सातव्या दिवसाच्या आधी मात्र धावपळ करून उपयोग नाही, तोवर जामीनदार मिळतोय का ते बघा.

अर्जाला काही ठरलेला फॉर्म लागत नाही. मी टाइप करते तो साधारण असा असतो, तुम्ही हातानेही लिहू शकता:

"प्रति, मा. सचिव, जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, पुणे. विषय: गरीब कैद्यांना सहाय्य योजनेतून जामिनाची रक्कम मिळणेबाबत. माझा मुलगा (नाव), येरवडा मध्यवर्ती कारागृहात न्यायाधीन बंदी आहे. (कोर्टाचे नाव) यांनी (तारीख) रोजी केस नं. (अमुक) मध्ये रु. (इतक्या) रकमेचा जामीन मंजूर केला आहे. सात दिवस होऊन गेले तरी रक्कम भरता न आल्याने त्याची सुटका झालेली नाही. मी घरकाम करते, घरात चार माणसे आहेत, मालमत्ता नाही. त्याच्यावर दुसरी कोणतीही केस प्रलंबित नाही. तरी चौकशी करून प्रकरण समितीपुढे ठेवावे ही विनंती. माझा मोबाइल नंबर (अमुक), पत्ता (तमुक)."

बस, एवढंच. रडगाणं नको, पोरगा निर्दोष आहे वगैरे पण नको, ते कोर्टाचं काम. पत्ता असा लिहा की माणूस शोधत येऊ शकेल, म्हणजे गल्ली नंबर, जवळचं मंदिर किंवा किराणा दुकान, कारण चौकशीला कुणीतरी घरी येऊ शकतं आणि वस्तीत नुसत्या घर नंबरावर कुणी सापडत नाही. सोबत ऑर्डरची झेरॉक्स, रेशनकार्ड, आधार जोडा. पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर उत्तम. उत्पन्नाचा दाखला असेल तर लावा, नसेल तर त्याच्यासाठी थांबू नका, तहसीलला दहा दिवस जातील आणि आर्थिक परिस्थितीची चौकशी करणं हे सचिवांचंच काम आहे. कुणी म्हणालं की स्टॅम्प पेपरवर प्रतिज्ञापत्र करून आणा तर घेऊ नका, सरकारी ऑफिसात किंवा कोर्टात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला आपल्या राज्यात २००४ पासून स्टॅम्प ड्युटी माफ आहे, साध्या कागदावर चालतं. माझ्या दुकानात स्टॅम्प पेपर मागायला येतात त्यांना मी हेच सांगून परत पाठवते आणि शेजारचे माझ्यावर चिडतात.

अर्ज द्यायचा कुठे, तर विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस शिवाजीनगरच्या जिल्हा कोर्टातच आहे, गेटवरच्या पोलिसाला विचारलं तरी सांगेल. दोन प्रती न्या, एक द्या आणि दुसरीवर आवकचा शिक्का, नंबर आणि तारीख घ्या. पोच घेतल्याशिवाय तिथून हलायचं नाही, "ठेवून जा" म्हटलं तरी हसतमुखाने उभं राहायचं. तिसरी प्रत येरवड्याच्या अधीक्षकांच्या नावाने जेलमध्ये द्या. केस दुसऱ्या जिल्ह्यातली असेल आणि माणूस येरवड्यात असेल तर त्या जिल्ह्याच्या प्राधिकरणालाही एक प्रत स्पीड पोस्टाने पाठवा, म्हणजे हे त्यांच्याकडे बोट दाखवतात आणि ते यांच्याकडे असं व्हायला नको. पुण्यात येणं जमतच नसेल तर १५१०० हा विधी सेवेचा फोन नंबर आहे, तिथून सुरुवात होते. आत असलेला माणूस स्वतःही अर्ज देऊ शकतो, जेलमध्ये विधी सेवेचं केंद्र असतं, त्याला मुलाखतीत सांगून ठेवा. महिला कारागृह वेगळं आहे पण पद्धत हीच.

आणि एक, वकील नसेल किंवा फोन उचलत नसेल तर याच ऑफिसात फुकट वकील मागा. कोठडीत असलेल्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, १९८७ च्या विधी सेवा कायद्यातच तसं आहे. जामीनदाराऐवजी रोख भरायचा जो अर्ज मी वर सांगितला तो याच वकिलाकडून करून घेता येतो. मावशींचं काम असंच झालं.

अर्ज गेल्यावर सचिव चौकशी करून घेतात की या माणसाला खरंच रक्कम भरता येत नाही का. त्यासाठी परिविक्षा अधिकारी म्हणजे प्रोबेशन ऑफिसर, महसूलचे लोक, सामाजिक संस्था यांची मदत घेतात. मूळ कार्यपद्धतीत याला १० दिवस दिलेत. या दिवसांत फोन चालू ठेवा, अनोळखी नंबर उचला, आणि घरी आलेल्या माणसाला घर आहे तसं दाखवा. एक बाई घाबरून शेजारणीकडे जाऊन बसल्या, रिपोर्ट गेला की घर बंद आढळले, आणि मग परत पहिल्यापासून सगळं. टीव्ही, फ्रिज लपवायची पण गरज नाही, हप्त्यावर घेतलेला टीव्ही बघून कुणी श्रीमंत ठरवत नाही, पण लपवलेला सापडला तर मात्र शंका येते.

मग प्रकरण जिल्ह्याच्या समितीपुढे जातं. २०२३ च्या सूचनांप्रमाणे समितीत जिल्हाधिकारी, विधी सेवा सचिव, पोलिस अधीक्षक, जेलचे अधीक्षक आणि जिल्हा न्यायाधीशांनी नेमलेले एक न्यायाधीश असतात, आणि दर दोन-तीन आठवड्यांनी प्रकरणं पुढे ठेवायची असतात. त्याच सूचनांप्रमाणे जामिनासाठी एका केसला ४०,००० पर्यंत ही समिती मंजूर करू शकते, त्याच्या वर गेलं तर राज्याच्या समितीकडे जातं. हे आकडे आणि मुदती नंतरच्या आदेशांत सुधारल्या आहेत, म्हणून ऑफिसात गेल्यावर सध्याचं परिपत्रक कुठलं ते विचारा आणि त्यातलीच मर्यादा धरा. पैसे तुमच्या हातात कधीच येत नाहीत हे लक्षात ठेवा, ते सरळ कोर्टात जमा होतात.

कुणाला मिळत नाही तेही सांगते, म्हणजे उगाच आशा नको. लाचलुचपत प्रतिबंधक कायदा, पीएमएलए म्हणजे काळा पैसा पांढरा करणं, एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थ, आणि यूएपीए म्हणजे दहशतवादासारख्या केसेस, या चार कायद्यांतल्या आरोपींना २०२३ च्या सूचनांप्रमाणे ही योजना नाही, आणि पुढे सरकार आणखी कलमं घालू शकतं. वस्त्यांमधली कितीतरी पोरं गांजाच्या केसमध्ये आत असतात, त्यांच्या आयांना मी हे सांगते तेव्हा फार वाईट वाटतं, पण लपवून काय उपयोग.

आता, समितीची वाट बघत नुसतं बसायचं नाही, कोर्टाचा रस्ता पण सोबत चालू ठेवायचा. रक्कमच जास्त असेल तर कमी करून मागा, जामिनाची रक्कम अवाजवी नसावी असं बीएनएसएसचं कलम ४८४ म्हणतं आणि सेशन कोर्ट ती कमी करू शकतं. ३१ जानेवारी २०२३ चा तो आदेश इथेही कामाला येतो. जामीन होऊन एक महिना झाला आणि बॉण्ड भरला गेला नाही तर कोर्ट आपणहून अट शिथिल करायचा विचार करू शकतं. बाहेर आल्यावर जामीनदार आणतो असं कैदी म्हणाला तर तात्पुरता जामीन देता येतो. आणि स्थानिक जामीनदारच पाहिजे असा हट्ट बऱ्याचदा सुटकेच्या आड येतो, तिथे ती अट घालू नये असंही त्यात सुचवलंय. वकिलाला हा आदेश अर्जाला जोडायला सांगा.

हे शेवटचं पुण्यात फार महत्त्वाचं. वारज्याच्या नाहीतर हडपसरच्या साइटवर काम करणारा माणूस लातूरचा, नांदेडचा, नाहीतर थेट बिहारचा, त्याचा भाऊ गावाकडचा सातबारा घेऊन येतो, आणि त्याला सांगतात पुण्याचा माणूस आणा. खरं म्हणजे हा प्रश्न १९७८ मध्येच सुप्रीम कोर्टात जाऊन आलाय. मोतीराम नावाचा गवंडी होता मध्य प्रदेशातला, त्याला दहा हजारांचा जामीनदार मागितला आणि भाऊ दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून नाकारला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ते चुकीचं ठरवलं आणि हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर सोडायला सांगितलं. एवढी वर्षं झाली तरी माझ्या काउंटरवर अजून दर आठवड्याला एखादा भाऊ सातबारा हातात घेऊन उभा असतो.

तसंच बरेच महिने आत असेल तर बीएनएसएसचं कलम ४७९ विचारा. पहिल्यांदाच गुन्ह्यात आलेल्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल, बाकीच्यांनी निम्मा, तर बॉण्डवर सोडायची तरतूद आहे. फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्यांना ती नाही, आणि एकापेक्षा जास्त केसेस चालू असतील तरी नाही.

शिक्षा लागलेल्यांसाठी पण याच योजनेत सोय आहे. शिक्षा भोगून संपली पण दंड भरला नाही म्हणून जादा कैद चालू आहे, अशांचा दंड सरकार भरतं, २०२३ च्या सूचनांत जिल्हा समितीला २५,००० पर्यंत अधिकार. अर्ज तसाच, विषयात फक्त दंडाची रक्कम लिहा आणि निकालपत्राचं शेवटचं पान जोडा जिथे दंड आणि न भरल्यास किती कैद ते लिहिलेलं असतं. आणि घरात थोडे पैसे असतील तर हे माहिती असू द्या की दंड अर्धामुर्धा भरला तरी त्या प्रमाणात कैद कमी होते. तीन हजार दंड आणि न भरल्यास तीन महिने असेल, तर हजार भरले की एक महिना कमी. "सगळे आणा नाहीतर काहीच नको" असं कुणी म्हणालं तर ते खरं नाही.

एजंटांबद्दल. कोर्टाच्या आवारात कुणीतरी भेटेलच जो म्हणेल पाच हजार द्या, भाड्याचा जामीनदार देतो. त्याची कागदपत्रं बोगस निघाली तर तुमच्या पोरावर नवीन गुन्हा, जामीन रद्द, आणि तो एजंट तोवर गायब. आणि योजनेची फाइल काढून देतो म्हणून पैसे मागणारे पण निघालेत, मावशींकडून एकाने दोन हजार घेतले होते माझ्याकडे यायच्या आधीच, ते गेले ते गेलेच. या योजनेला एक रुपया फी नाही. माझे टायपिंगचे वीस रुपये सोडून, आणि ते पण हाताने लिहिलंत तर वाचतील.

रक्कम मंजूर झाली की ती कोर्टात जमा होते, मग बॉण्ड भरला जातो आणि कोर्टातून सुटकेचा आदेश जेलला जातो. जेलबाहेर त्यासाठी पेटी असते, ती ठरलेल्या वेळी उघडतात, म्हणून दुपारी उशिरा आदेश निघाला तर सुटका दुसऱ्या दिवशी सकाळी होते. उगाच रात्रभर गेटवर बसू नका. जाताना त्याच्यासाठी शर्ट, चप्पल आणि थोडे सुट्टे पैसे न्या. आत जमा करून घेतलेला मोबाइल, पाकीट, आधार कार्ड यांची यादी असते, ती बघून सही करा.

आणि ते पैसे केस संपल्यावर तुम्हाला मिळत नाहीत, सरकारच्या खात्यात परत जातात. मध्ये तारखा चुकवल्या तर बॉण्ड जप्त, वॉरंट, आणि परत आत. म्हणून सुटका झाली त्याच दिवशी पुढची तारीख पोराच्या आणि आईच्या, दोघांच्या मोबाइलमध्ये अलार्म लावून ठेवा, आदल्या दिवशी संध्याकाळचा. मावशींच्या फोनमध्ये मीच लावून द्यायला गेले. साधा बटणवाला फोन होता, त्यात तारखेचा अलार्म सापडेना, शेवटी दुकानातल्या कॅलेंडरचं पान फाडून दिलं आणि तारखेवर लाल स्केचपेनने गोल केला.